चिन्ह गाळलेला आकडा

१

आमच्या आश्रमशाळेतली निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली आहेत. मी इथे लिपिक आहे, त्यामुळे हे मला जितकं पाठ आहे तितकं सटवाईलाही नसेल. बाप पोराला घेऊन येतो, गुरुजी विचारतात कधी झाला, बाप म्हणतो नागलीच्या कापणीला झाला, आणि गुरुजी दाखल्यावर एक जून लिहून मोकळे होतात. साल तेवढं अंदाजानं. त्या अंदाजात हात घसरला की पोर शाळेत आधी येतं आणि जन्माला नंतर.

सूर्यमाळच्या अलीकडे उघड्या माळावर आमची शाळा. मुलांची वयं मोजून वर कळवायची असतात, म्हणून मी माझ्या मुलाकडून, नितीनकडून, फोनवर शिकून एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. नितीन ठाण्याला कंप्यूटरच्या कंपनीत आहे. दोन तारखा टाकायच्या, मधले दिवस बाहेर येतात. पहिल्याच वर्षी तक्ता वरून परत आला, कारण चार मुलांच्या वयामागे उणे चिन्ह होतं. आता जन्मतारीख दुरुस्त करायची म्हणजे प्रतिज्ञापत्र आणि जव्हारच्या दहा खेपा. मजुरी बुडवून ते कोण करणार? मुख्याध्यापक म्हणाले, पुष्पलताबाई, तारीख राहू द्या, चिन्ह दिसता कामा नये.

नितीननं एक शब्द सांगितला. तो आकड्यापुढे लावला की चिन्ह गळतं आणि नुसता आकडा उरतो. गणितात ज्याला केवल मूल्य म्हणतात ते. कुठली तारीख आधीची आणि कुठली नंतरची, हे त्या शब्दाला कळत नाही आणि तो विचारतही नाही. आंधळं दळतं म्हणतात तसा प्रकार, पण तेव्हापासून तक्ता परत आला नाही.

२

दिवाळीनंतर हे गेले. हे म्हणजे माझे यजमान, रोहिदास. याच शाळेच्या वसतिगृहाचे अधीक्षक होते. छातीचं दुखणं वर्षभर चाललं. नाशिकच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा शाळेच्या मागच्या आमच्या क्वार्टरमध्ये आतल्या खोलीत बाज टाकली. शेवटचे दोन दिवस घोटसुद्धा उतरत नव्हता. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून मी ओठांवर फिरवायची. जायच्या आदल्या दिवशी दिवसभर खोकत होते आणि मधे श्वास मिळाला तेव्हा म्हणाले, "पुरे आता, पुष्पा. सोड." दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. नितीन पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग सगळे आपापल्या वाटेनं गेले. तेराव्यानंतर आज कितवा दिवस हे कोणी विचारत नाही. मला मात्र कोणीतरी विचारावं असं वाटायचं. म्हणून सकाळी कार्यालय उघडलं, लॅपटॉप लावला, की मुलांच्या तक्त्याआधी मी यांची तारीख टाकायची आणि पुढे आजची. आकडा यायचा. सतरा. तीस. छप्पन्न. मी त्याला हो म्हणायची आणि वसतिगृहातून आलेला चहा प्यायची. एवढंच बोलणं सकाळचं. कोणी ऐकलं असतं तर बाई बिघडली म्हणाले असते, पण त्या वेळी कार्यालयात पालींखेरीज कोणी नसतं.

फेब्रुवारीत एक दिवस एक्याण्णव आला. दुसऱ्या दिवशी नव्वद.

मला वाटलं, मीच आदल्या दिवशी चुकीचं वाचलं. चष्म्याचा नंबर वाढलाय हे खरंच होतं. तिसऱ्या दिवशी एकोणनव्वद आला.

३

मी काही एका दिवसात घाबरणाऱ्यातली नाही. सतरा वर्षं सरकारी कागद हाताळलेत. आकडा चुकतो तेव्हा कोणीतरी चुकवलेला असतो, हे मला पक्कं माहीत. लॅपटॉपच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली, ती बरोबर. माझी नोकरीला लागल्याची तारीख टाकली, तो आकडा रोज एकानं वाढत होता, वाढायला हवा तसा. नितीनची जन्मतारीख टाकली, तोही वाढत होता. फक्त यांची तारीख टाकली की आकडा एकानं कमी.

नितीनला रविवारी सांगितलं. तो आधी हसला, म्हणाला आतली बटणाएवढी बॅटरी गेली असेल. मग एक एक ओळ वाचायला लावली. मी फोन खांद्यात धरून वाचत गेले. ओळी इनमिन पाच. त्यानं तशाच ओळी तिकडे त्याच्या कंप्यूटरवर लिहिल्या, बाबांची तारीख टाकली, आणि त्याच्याकडे आकडा बरोबर आला.

"आई, तू तारीख टाकताना काहीतरी करतेस," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि रोज टाकतेस का तू?"

मी म्हटलं, रोज नाही रे, कधीमधी. ते खोटं होतं आणि त्याला कळलं. त्यानं पुन्हा तोच विषय काढला, की परीक्षा झाल्या की रजा टाक, ठाण्याला ये, इथली खोली रिकामीच आहे. मी पाहते म्हटलं. आमच्याकडे पाहते म्हणजे नाही.

४

विज्ञान दिनाला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली पोशी एक पिशवी घेऊन आली. यांचा स्वेटर मी तिच्या नवऱ्याला, बारक्याला, दिला होता. तो ती परत करत होती. मी विचारलं, का गं, चांगला गरम आहे. ती पिशवी हातानं दाबत म्हणाली, "नाय बाई. त्याला अंगात घातला का खोकला येतं. काढला का राहतं." थंडी सरली होती, स्वेटरचं काम संपलं होतं, आणि बारक्याला विडीचा नाद आहे. मी स्वेटर घडी करून ट्रंकेत टाकला.

एप्रिलात यांच्या वहाणा घेऊन शाळेचा चौकीदार देवराम आला. चांगल्या कातडी, नाशिकहून आणलेल्या. मीच त्याला दिल्या होत्या. "बाई, या माना नाय व्हत," तो म्हणाला. तीन महिने त्या पायात घालून तो माळ तुडवत होता, तेव्हा बऱ्या होत होत्या. मी तसं म्हटलंही. त्यानं पाय दाखवला, अंगठ्याला फोड आला होता. वहाणा आखूड झाल्यात, असं त्याचं म्हणणं. कातडं उन्हानं आकसतं, हे मला माहीत आहे. मी त्या दाराशी ठेवल्या.

पण त्या सकाळी कार्यालयात चाळीस आला होता, आणि वहाणा मी दिल्या तो दिवसही चाळीसावाच होता. तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, चाळीस दिवस झाले, आता दारात कशाला ठेवायच्या. मग स्वेटर आठवला. तो दिला नितीनच्या वाढदिवशी, सकाळी आकडा होता ब्याऐंशी. विज्ञान दिनाचा आकडाही मला आठवत होता, कारण त्या दिवशी पोरं फळ्यावर पाढे लिहीत होती आणि मी खिडकीतून बघत मनात ब्याऐंशी ब्याऐंशी करत होते.

बोलाफुलाला गाठ पडते, असं मी स्वतःला सांगितलं. सांगितलं खरं, पण त्या संध्याकाळी मी वहाणांवर फडकं मारलं तेव्हा पट्ट्यांत हिरवी कुसळं अडकलेली होती. माळावरचं गवत केव्हाच वाळून, निम्मं जळून गेलं होतं.

५

मेच्या सुरुवातीला शाळा सुटली. पोरं ट्रंका डोक्यावर घेऊन आपापल्या पाड्यांवर गेली, गुरुजी गावी गेले, मुख्याध्यापक नाशिकला. पाड्यांवर तरी कोण असतं म्हणा. घरटी एक म्हातारं माणूस आणि कुलपं, बाकी वीटभट्ट्यांवर. लिपिकाला सुटी नसते. मी, देवराम आणि दिवसातून एकदा पाणी भरून द्यायला येणारी पोशी, एवढीच माणसं उरली. माळावर वारा सुटला की वर्गाची दारं एकामागून एक वाजत जातात, पहिलीपासून दहावीपर्यंत. यांच्या हयातीत हे जाऊन कड्या लावायचे. आता मी पडून ऐकायची.

एकटेपणाचं मला कौतुक नाही. लोक म्हणतात सवय होते. होत नाही, फक्त सांगण्याची सोय संपते.

एक दिवस गवंडी आला. आजारी मुलांच्या खोलीला चुना मारायचा होता. खोलीतलं सामान बाहेर काढलं आणि देवराम व तो गवंडी मिळून यांची बाज माझ्या दारात घेऊन आले. तीही मीच दिली होती, तेराव्यानंतर दोन दिवसांनी, कारण आतल्या खोलीत जाऊन तिच्याकडे बघणं मला जमत नव्हतं. देवराम म्हणाला, मोठ्या सरांनी फोनवर सांगितलंय, बाईंचीच आहे, बाईंकडे टाका, बाहेर वाळवी लागेल. बरोबरच होतं ते. त्या सकाळचा आकडा विचारू नका. मी त्यांना बाज आतल्या खोलीत भिंतीला उभी करून ठेवायला सांगितली.

त्या दिवशी मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं, की यातलं काहीच आपणहून येत नाही. प्रत्येक वस्तू कोणीतरी माणूस आणून देतो, आणि प्रत्येकाकडे शहाणं कारण असतं. मी दिलेलं सगळं दिल्याच्या उलट्या क्रमानं घरी येत होतं. आता परत यायचं उरलं होतं ते मी दिलेलंच नव्हतं. ते माझ्याकडून नेलेलं होतं.

६

पाणी आमच्याकडे मे महिन्यात मोजून मिळतं. टँकर विहिरीत ओततो, पोशी तिथून हंड्यानं आणून माझं निळं पिंप भरते. एका बाईला ते आठवडाभर पुरतं. आकडा बारावर आला त्या दिवशी पिंप सकाळी भरलं आणि संध्याकाळी त्याचा तळ दिसला. पिंप गळत असेल म्हणून मी खालची जमीन चाचपली, तर ती कोरडी होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. पोशी हंडा उतरवून ठेवत म्हणाली, "पाव्हणं आलंत कं बाई तुमच्याकडं? बोलणं ऐकाया येतं."

मी म्हटलं, रेडिओ असेल. माझ्याकडे रेडिओ नाही, आणि पोशीला ते माहीत आहे. ती रिकामा हंडा उचलून निघून गेली.

यांच्या दहाव्या-बाराव्याला घरात तीस माणसं होती. न्हाणीत सारखी बादली वाजायची, ओसरीवर हळू आवाजात बोलणं चालायचं. आता मी आतल्या खोलीत असले की ते बोलणं ओसरीवरून यायचं, आणि ओसरीवर गेले की वाऱ्याखेरीज काही नसायचं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, पण मनानं पिंप रिकामं होत नाही.

नितीननं फोनवर आवाज चढवला. पोशीनं देवरामला, देवरामनं त्याला काहीतरी सांगितलं असावं. म्हणाला, मी गुरुवारी गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव, नाही म्हणायचं नाही. मी हो म्हटलं. गुरुवार मला चालणार होता, कारण बुधवारी आकडा शून्य होत होता आणि तोवर मला इथून हलायचं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होतीच. पण तिच्याहून मोठी एक लाज वाटण्यासारखी आशा होती. आकडा उतरत उतरत त्या दुपारपाशी चालला होता. ती दुपार ओलांडली की पलीकडे हे जिवंत होते. ओलांडली जाईल की नाही, एवढाच प्रश्न. जगातल्या कुठल्या बायकोनं अशा वेळी सामान बांधलं असतं?

७

सोमवारी कोणी आलं नाही, कोणी काही आणलं नाही. मला हायसं वाटलं. दुपारी तांब्या बुडवायला गेले तर पिंपातल्या पाण्यावर राखाडी साय धरली होती. बोट लावलं, मऊ राख. खाली कोणीतरी उशिरा राब भाजला असेल. भातरोपांसाठी जमीन भाजतात तेव्हा राख कोसभर उडते. पण पिंपावर झाकण होतं, आणि ते मी तेवढ्यातच काढलं होतं. सोमवारचा आकडा दोन. गेले तो दिवस धरून तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडली होती. मी ते पाणी फेकलं नाही. पिंपाला हात जोडले आणि त्या दिवशी तशीच तहानेली राहिले.

बुधवारी शून्य आला.

मी कार्यालय बंद केलं आणि क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत, आतल्या दाराकडे पाठ करून बसले. बाज भिंतीला उभी होती, सकाळी मी पाहिली होती. उन्हानं पत्रे तडतडत होते. दारं वाजत नव्हती, कारण वारा पडला होता. बारा वाजले, एक वाजला. मी भात टाकला नाही. त्याही दिवशी टाकला नव्हता.

दुपार कलायला लागली तेव्हा देवराम आला. कार्यालयाची किल्ली मागायला आलो म्हणाला. त्या दिवशीही पहिला तोच आला होता, यांना सरळ करायला मला त्यानंच हात दिला होता. उंबऱ्यात त्यानं डोक्याचं फडकं काढलं, वहाणा लांब सोडल्या आणि भिंतीला धरून उभा राहिला. मयताच्या घरी उभं राहतात तसं. आपण असे का उभे आहोत हे त्याला कळत नसावं, त्याचे डोळे गोंधळलेले होते. माझ्या खांद्यावरून त्यानं आत पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, आत कोण निजलंय?"

मी म्हटलं, कोणी नाही. मग मान वळवली. बाज आडवी टाकलेली होती, त्याच जागी, डोकं खिडकीकडे करून. तिच्यावर कोणी नव्हतं. सुंभाची वीण मात्र मधोमध खाली गेली होती, खांद्यापासून टाचेपर्यंत, आणि ताणानं हलके करकरत होती.

देवराम किल्ली न घेता गेला. मी तोंड फिरवलं आणि अंधार पडेपर्यंत तशीच बसले. मला आत जाऊन हात ठेवता आला असता. नाही ठेवला.

८

गुरुवारी उजाडताच मी कार्यालयात गेले. यांची तारीख टाकली, आजची टाकली.

एक आला.

मी त्या आकड्याकडे किती वेळ पाहत होते सांगता येणार नाही. गेल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस जितका लांब असतो तितकाच जायच्या आदल्या दिवशी असतो. काल हे पुन्हा एकदा गेले आणि आज त्याचा दुसरा दिवस होता, किंवा काल ती दुपार ओलांडली गेली आणि आज हे होते. दोन्हीचा आकडा एकच. फरक जे चिन्ह सांगतं, ते मीच गाळलं होतं.

मी मनाशी ठरवलं. तो शब्द काढायचा. नुसता एक आला तर नितीनबरोबर ठाण्याला जायचं, पुन्हा हा प्रोग्राम उघडायचा नाही. चिन्ह आलं तर कोणी ओढून नेलं तरी हलायचं नाही. शब्द खोडायला फार वेळ लागत नाही. बटण दाबायला लागला.

आकड्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ होती. केस असेल किंवा धूळ, असं वाटलं. पदरानं पुसली. गेली नाही. नखानं खरवडली. गेली नाही. मग मी हसले, मोठ्यानं, रिकाम्या शाळेत. सहा महिन्यांत मी हसले नव्हते. लॅपटॉप उघडा टाकून मी मैदान ओलांडत निघाले, जवळजवळ पळतच.

कसारा-खोडाळ्याच्या रस्त्यानं नितीन पहाटेच निघाला असावा. गाडी क्वार्टरसमोर उभी होती. तो पायरीपाशी होता, बूट काढून हातात धरलेले, पण आत गेला नव्हता. दाराशी यांच्या वहाणा होत्या त्या जागेवर नव्हत्या. मी त्याला काही सांगायच्या आधी तोच म्हणाला, "आई, आत कोण खोकतंय?"

तेव्हा मला ऐकू आलं. तो खोकला मी ओळखते. एक सुटतो, पुढचा येईपर्यंत श्वास अडकतो, मग दोन एकदम येतात. नितीननं तो खोकला शेवटच्या दिवसांत ऐकलाच नव्हता. तो पोचला तेव्हा सगळं शांत झालं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आनंद त्यात कुठेच नव्हता. त्याच्या चेहऱ्याकडे बघता बघता माझाही उतरला.

उणे एक म्हणजे जायचा आदला दिवस. दिवसभर खोकले तो. पुरे आता म्हणाले, सोड म्हणाले तो. उद्या उणे दोन, परवा उणे तीन. बरे असलेले, शिट्टी वाजवत पोरांची हजेरी घेणारे हे अजून वर्षभर लांब होते, आणि तोवरचं सगळं दुखणं त्यांना उलट्या बाजूनं पुन्हा सोसायचं होतं. एकदा सोसून ते सुटले होते. परत यायचंय का, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी रोज सकाळी त्यांची तारीख टाकत राहिले, पण मीही नाही विचारलं.

मी नितीनला गाडीत जाऊन बस म्हटलं. तो आई आई करत राहिला, पण उंबरा ओलांडून आत आला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. पोशीनं पिंप भरून ठेवलं होतं, पाणी स्वच्छ होतं. तांब्या भरला. मग फळीवरचा डबा उघडून कापूस काढला, कारण आज त्यांना घोट उतरणार नव्हता, आणि आत गेले.